मदत हवी आहे: मालिका आणि जाहिरातींच्या आवाजातील तफावत

रात्री मालिकेतील संवाद नीट ऐकू यावेत म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज २४ वर ठेवतो, आणि जाहिरात लागल्यावर तो १४ वर आणेपर्यंत झोपलेली नात दचकून उठते. दोन्हींची कमाल पातळी सारखीच असली, तरी जाहिरातीतील हळू आवाजही उचलून त्या पातळीच्या जवळ नेलेले असतात आणि त्यामुळे ती सलग मोठी वाटते, एवढे मला समजले आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा असे म्हटले आहे. तरी रिमोट हातातून सुटत नाही. टीव्हीतील ‘ऑटो व्हॉल्यूम’ (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) सुरू केल्यास संवादही दबके होतात. सेट-टॉप बॉक्समध्ये आवाजाचा प्रकार डॉल्बीऐवजी पीसीएम (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) निवडल्याने फरक पडतो, की नाइट मोड (मोठे आणि हळू आवाज यांतील फरक कमी करणारी सोय) असलेला साउंडबार घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.