मदत हवी आहे: एलईडी फलकासाठी मुक्ता फॉन्टचे बिटमॅप बनवताना जोडाक्षरे तुटतात

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या उपबाजार आवारात कांद्याचे दर दाखवणारा एलईडी फलक लावायचा आहे. मी तंत्रनिकेतनात शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन हे काम चालू आहे. पी१० प्रकारची आठ पॅनेल आहेत. एक पॅनेल ३२ × १६ ठिपक्यांचे, त्यामुळे चार-चार पॅनेलच्या दोन आडव्या रांगा लावून १२८ × ३२ ठिपक्यांचा फलक झाला. मागे फलक चालवणारा ईएसपी३२ हा छोटा संगणकी बोर्ड आहे. इंग्रजी अक्षरे आणि आकडे व्यवस्थित दिसतात.

पण फलक मराठीतच हवा, त्यावर मी अडून आहे. ट्रॅक्टरवर बसून लांबून बघणाऱ्या माणसाला ‘आवक’, ‘किमान’, ‘कमाल’, ‘सर्वसाधारण दर’ हे शब्द बाजार समितीच्या पावतीवर असतात तसेच दिसले पाहिजेत. लिलावाच्या गोंगाटात भोंग्यावरचे काही ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर दर बघणे सगळ्यांना जमत नाही.

आम्ही केले ते असे. मुक्ता फॉन्टची टीटीएफ फाइल घेतली. कमांड लाइनवर ओटीएफ-टू-बीडीएफ चालवून तिची बीडीएफ फाइल, म्हणजे अक्षरांची ठिपक्यांतली चित्रे असलेली फाइल, काढली. मग बीडीएफकन्व्हने, फलकावर अक्षरे काढणाऱ्या यू८जी२ लायब्ररीला चालेल असा सी भाषेतला तक्ता बनवला. त्यात युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीतला) २३०४ ते २४३१ हा देवनागरीचा पूर्ण पट्टा घेतला. सगळे विनातक्रार पार पडले. फलकावर मात्र:

१. ‘क्विंटल’मधला क पाय मोडलेला, त्यापुढे सुटा व, आणि वेलांटी वच्या नंतर येऊन टवर बसलेली. ‘सर्वसाधारण’मध्ये रफार नाही, पाय मोडका र आणि मग व. ‘शेतकऱ्यांसाठी’ तर वाचताच येत नाही.

२. आकार १६ सांगितला तरी अक्षरे त्याहून बरीच मोठी येतात. १६-१६ ठिपक्यांच्या दोन ओळी बसवायच्या होत्या.

३. शिरोरेषेत अक्षराअक्षरामध्ये एका ठिपक्याची फट पडते.

प्लॅटफॉर्म आणि एन्कोडिंगचे क्रमांक बदलून पाहिले. एलव्हीजीएल या दुसऱ्या लायब्ररीचे फॉन्ट बनवणारे साधनही वापरले. जोडाक्षरांचा निकाल तोच. कोणता पर्याय द्यायचा राहतो आहे?

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, ते आधी देतो. या साधनाला आकार पॉइंटमध्ये सांगायचा असतो आणि रिझोल्यूशन सांगितले नाही तर ते १०० धरते. ठिपके = पॉइंट × रिझोल्यूशन ÷ ७२. म्हणजे १६ × १०० ÷ ७२, साधारण २२ ठिपके. ‘आर’ या पर्यायाला ७२ द्या, की पॉइंट आणि ठिपके एकच होतील.

तरीही १६ सांगितल्यावर अक्षर १६ ठिपक्यांत मावेलच असे नाही. तो आकार फॉन्टच्या आखणीचा असतो, शाईचा नसतो. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे उंची वाढते. बीडीएफ फाइल मजकूर संपादकात उघडा आणि फॉन्ट-असेंट व फॉन्ट-डिसेंट (आधाररेषेच्या वरची व खालची उंची) या ओळींतल्या आकड्यांची बेरीज पाहा. ती तुमच्या ओळीच्या उंचीत बसली पाहिजे.

आणि ताई, १६ ठिपक्यांत दोन ओळींचा हट्ट सोडा असे मनापासून सांगतो. वरचे-खालचे चिन्ह वजा केले तर अक्षराच्या अंगाला आठ-नऊ ठिपके उरतात. तेवढ्यात प आणि ष लांबून वेगळे ओळखू येत नाहीत. पूर्ण ३२ ठिपक्यांची एकच ओळ ठेवा आणि शब्द व आकडा आळीपाळीने दाखवा.

प्रतिसाद २

ग्नू युनिफॉन्ट बघा. १६ ठिपक्यांचा बिटमॅप फॉन्ट तयारच आहे आणि देवनागरीही आहे त्यात. रूपांतराची भानगडच नको.

प्रतिसाद ३

युनिफॉन्टनेही ‘क्विंटल’ असाच तुटेल, कारण दुखणे फॉन्टमध्ये नाही. ओटीएफ-टू-बीडीएफने आपले काम चोख केले आहे आणि तिथला कुठलाही पर्याय याला उपाय नाही.

युनिकोडमध्ये ‘क्व’ला स्वतःचा क्रमांक नाही. तो क, हलन्त आणि व असा तीन क्रमांकांत लिहिला जातो. अर्धा क, रफार, ऱ्यमधला अर्धचंद्रासारखा र ही सगळी रूपे फॉन्टच्या आत असतात, पण बिनक्रमांकाची. कोणत्या क्रमांकांच्या जागी कोणते रूप घ्यायचे याचे नियम जीसब नावाच्या तक्त्यात, आणि ते रूप नेमके कुठे ठेवायचे हे जीपॉस तक्त्यात. संगणकावर आणि फोनवर हे नियम चालवणारा एक थर असतो, अनेक ठिकाणी हार्फबझ. वेलांटी उचलून व्यंजनाच्या आधी ठेवणे हेही त्याचेच काम. ओटीएफ-टू-बीडीएफ क्रमांक असलेल्या रूपांचीच चित्रे काढते, म्हणून बिनक्रमांकाची रूपे तुमच्या बीडीएफमध्ये आलीच नाहीत. ती आली असती तरी ईएसपी३२वर ती निवडणारे कोणी नाही, कारण यू८जी२ मिळेल तो क्रमांक डावीकडून उजवीकडे मांडत जाते.

म्हणून अक्षरजुळणी फलकावर नको, आधी लॅपटॉपवर करून घ्या. मी असे करीन:

युनिकोडमध्ये ई००० ते एफ८एफएफ हा ६४०० जागांचा पट्टा खासगी वापरासाठी मोकळा ठेवला आहे. पायथनच्या फॉन्टटूल्स या लायब्ररीने मुक्ता उघडा आणि प्रत्येक रूपाला ई००० अधिक त्याचा फॉन्टमधला अनुक्रमांक असा नवा क्रमांक देऊन फाइल वेगळ्या नावाने जतन करा. आता याच फाइलवर ओटीएफ-टू-बीडीएफ चालवा. अर्धी अक्षरे, रफार, सगळी जोडाक्षरे बीडीएफमध्ये उतरतील.

मग तुमचे शब्द हार्फबझच्या एचबी-शेप या कमांडला द्या. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हे दोन्ही स्पष्ट सांगा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे भाषा सांगितल्यावरच ते येतात. रूपांच्या नावांऐवजी अनुक्रमांक मागा. उत्तरात प्रत्येक रूपाचा अनुक्रमांक, सरकवण्याचे अंतर आणि पुढे जाण्याचे अंतर मिळते. ‘क्विंटल’साठी वेलांटी पहिली आलेली दिसेल, मग सहसा अर्धा क, मग व. अनुस्वार फॉन्टच्या आखणीप्रमाणे वेलांटीला जोडून येतो किंवा वेगळा.

ही अंतरे फॉन्टच्या एककात असतात, ती ठिपक्यांत आणा. इथे एक काळजी घ्या. प्रत्येक अक्षराचे अंतर वेगवेगळे पूर्णांकात आणू नका. शब्दाच्या सुरुवातीपासूनची बेरीज अपूर्णांकातच चालू ठेवा आणि मांडायच्या क्षणी पूर्णांक करा. तुमच्या शिरोरेषेच्या फटींपैकी बऱ्याच याच कारणाने पडत असणार, कारण बीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी स्वतंत्रपणे पूर्णांक केलेली असते.

शेवटी प्रत्येक शब्द म्हणजे आडवी जागा, उभी जागा आणि क्रमांक अशा त्रिकुटांची यादी होते. ईएसपी३२वर यू८जी२च्या ड्रॉग्लिफने ती यादी मांडायची. दराचे आकडे मात्र थेट छापा. ० ते ९ हे देवनागरी अंक कोणाशी जुळत नाहीत, त्यांना यातले काही लागत नाही. रोज बदलतात ते आकडेच, शब्द तेच राहतात.

दोन गोष्टी सांभाळा. एचबी-शेप आणि ओटीएफ-टू-बीडीएफ या दोघांना तीच एक फॉन्ट फाइल द्या. आणि जागा वाचवण्यासाठी फॉन्ट आधी छाटू नका, छाटताना अनुक्रमांक बदलतात. छाटायचाच असेल तर अनुक्रमांक तसेच ठेवण्याचा पर्याय द्या. नाहीतर बीडीएफकन्व्हमध्ये फक्त लागणारे क्रमांक निवडा, ते जास्त सुटसुटीत.

धागालेखिका

किती नीट समजावलेत! मुलांना हे सगळे फळ्यावर काढून दाखवले. ‘क्विंटल’ आणि ‘सर्वसाधारण’ दोन्ही शब्द आता फलकावर बरोबर उमटतात, रफार वच्या डोक्यावर आहे. ओळही ३२ ठिपक्यांची एकच केली.

दोन अडचणी उरल्या. बेरीज तुम्ही सांगितली तशी केल्यावर फटी कमी झाल्या, पण काही जोड्यांत अजून आहेत. एका विद्यार्थ्याने सुचवले की शब्द मांडून झाल्यावर शिरोरेषेच्या दोन ओळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेटवून टाकाव्यात. ते करावे का?

दुसरी मोठी. कार्यालयातले लोक रोज आयत्या वेळी सूचना देतात. ‘उद्या अमावास्येनिमित्त लिलाव बंद’, ‘पावसामुळे दुसऱ्या सत्राचे लिलाव उशिरा’. या सूचना आधी लॅपटॉपवर जुळवून ठेवता येणार नाहीत.

प्रतिसाद ३

शिरोरेषा सरसकट पेटवू नका. भ आणि ध यांचे डोके डावीकडे उघडे असते, थचेही. पूर्ण रेघ मारलीत तर ‘भाव’चा ‘माव’ आणि ‘धने’चे ‘घने’ होईल. बाजाराच्या फलकावर ही चूक चालणार नाही.

ज्या अक्षराची रेघ उजव्या कडेला एक ठिपका कमी पडते ते अक्षरच बीडीएफमध्ये दुरुस्त करा. बीडीएफ ही साध्या मजकुराची फाइल आहे, बिटमॅप या शब्दाखालची प्रत्येक ओळ म्हणजे ठिपक्यांची एक आडवी रांग, सोळा-आधारी अंकांत. रुंदी वाढवलीत तर बीबीएक्सच्या ओळीतला पहिला आकडाही वाढवा. हाताने नको असेल तर जीबीडीएफएड हा संपादक आहे, त्यात ठिपक्यावर टिचकी मारून काम होते. तुमच्या शब्दांत येणारी रूपे मोजकीच असतील, मुलांना वाटून द्या. ‘एन’ पर्याय देऊन हिंटिंग (अक्षर ठिपक्यांच्या जाळीवर नीट बसवणे) बंद केलेली आणि न केलेली अशा दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहा. उभ्या काना-दांड्यांची जाडी कुठे एकसारखी राहते ते डोळ्यांनीच ठरवावे लागते.

वजन मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. त्याहून जाड नको. एलईडीचा उजेड आजूबाजूला पसरतो आणि ब, ष, क्ष यांच्या आतल्या मोकळ्या जागा लांबून बुजलेल्या दिसतात.

प्रतिसाद ४

आयत्या वेळच्या सूचनांसाठी ज्याच्याकडे अक्षरजुळणीचा थर आधीच आहे त्याच्याकडून काम करून घ्या: कर्मचाऱ्यांचा फोन.

ईएसपी३२वरून एक छोटे वेब पान द्या. त्यात मजकुराची चौकट आणि ३२ ठिपके उंचीचा कॅनव्हास, म्हणजे पानावर चित्र काढायची जागा. सूचना टाइप केली की ब्राउझर ती कॅनव्हासवर मुक्तामध्ये लिहील, जोडाक्षरांसकट, कारण जुळणी ब्राउझर करतो. मग कॅनव्हासचे ठिपके वाचा, ठरावीक गडदपणाच्या वरचे १ आणि बाकीचे ०, आठ ठिपक्यांचा एक बाइट करून परत ईएसपी३२ला पाठवा. १२८ × ३२ ठिपके म्हणजे फक्त ५१२ बाइट. सरकती सूचना ६०० ठिपके लांब असली तरी २४०० बाइट. कर्मचाऱ्याला पाठवण्याआधीच फलकावर काय दिसणार ते फोनवर दिसते, हा मोठा फायदा.

फोन ईएसपी३२च्या वायफायला जोडलेला असताना बहुधा इंटरनेट नसेल, म्हणून फॉन्टची फाइल बोर्डाच्या फ्लॅशमध्येच ठेवा. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा. फॉन्ट उतरेपर्यंत थांबून मगच कॅनव्हासवर लिहा, नाहीतर पहिली सूचना फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये जाते. कडा राखाडी येतात, त्यामुळे आधाररेषा वरखाली अर्धा-पाव ठिपका सरकवून बघा. शिरोरेषा नेमकी ठिपक्यांच्या रांगेवर बसली की अक्षर एकदम स्वच्छ होते.

प्रतिसाद १

हे आवडले. पण कायमच्या शब्दांसाठी बीडीएफचाच मार्ग ठेवा. हाताने नीट केलेल्या ठिपक्यांची सर राखाडी कडा कापून मिळालेल्या अक्षराला येत नाही, आणि रोज सगळ्यांच्या नजरेत तेच शब्द असणार.

धागालेखिका

दोन्ही मार्ग एकत्र ठेवले आहेत. कायमचे शब्द दुरुस्त केलेल्या बीडीएफमधून, सूचना फोनच्या पानातून. ‘भाव’ भाव राहिला! मुलांनी रूपे वाटून घेऊन बसून दुरुस्त केली, आणि मला वाटते या प्रकल्पात त्यांनी सर्वांत जास्त शिकले ते याच कामात.

एक शेवटचे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द आमच्या यादीतून बरोबर येतो. पण कार्यालयातल्या एका जुन्या फाइलमधून तोच शब्द चिकटवून एचबी-शेपला दिला तर क्रमांकांची यादी वेगळी लांबीची दिसते. रूप तेच आहे.

प्रतिसाद ३

तो र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्त्याचा ऱ, म्हणजे ०९३१, त्याला हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक आणि य. दोन्हींतून तोच र अपेक्षित आहे. पण दुसऱ्या प्रकारात त्या जोडकाचे अदृश्य रूप काही वेळा शून्य रुंदी घेऊन यादीत येते. तुमच्या पायथन प्रोग्राममध्ये जुळणीआधी र, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, यादी एकसारखी होईल. फोनच्या पानात काही करायची गरज नाही.