महापालिकेचं टेंडर: छोट्या धंदेवाल्यानं भरावं की लांबूनच नमस्कार?

फिटिंगवाला
परवा इथेच दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहून गेलं की महापालिकेचं काम म्हणजे नगरसेवकाच्या भाच्याचं काम, बाकीच्यांनी टेंडर फी वाया घालवू नये. त्याखाली "अगदी बरोबर"ची रांग लागली. मला ते पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी विजेचं साहित्य विकतो, फिटिंगची छोटी कामं घेतो. माझ्या मते छोटा माणूस टेंडर हरतो तो बहुतेक वेळा कागदात, ओळखीत नाही. दोन लिफाफ्यांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: पहिल्यात तांत्रिक कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात नापास झालात तर तुमचा दर कितीही कमी असो, तो लिफाफा उघडतच नाहीत. आणि माणसं पडतात कशावर? सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे दाखला पडताळायचा क्रमांक, नाही. अनुभवाचा दाखला आहे, पण काम पूर्ण झाल्याची तारीख नाही. मध्येच शुद्धिपत्रक निघालं ते पाहिलंच नाही आणि जुन्या बीओक्यूत (कामांच्या आणि दरांच्या तक्त्यात) दर भरले. शेवटच्या तासाला महाटेंडर्सची, म्हणजे ऑनलाइन टेंडर भरायची सरकारी साइट कशी रडते हे ठाऊक असूनही अनामत भरायला शेवटच्याच दुपारी बसायचं.

नव्या माणसानं रस्ते आणि गटारं यांच्या नादी लागूच नये. पुरवठा आणि वार्षिक देखभाल बघावी. शाळांची वायरिंग दुरुस्ती, पंपांची देखभाल, छपाई, अग्निशामक सिलिंडर भरून देणं. क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर टर्नओव्हरची अट झेपते आणि बड्यांना त्या रकमेत रस नसतो. साहित्याची बरीच खरेदी आता जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर होते, तिथेही नाव असू द्या. आणि प्री-बिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीला, जा. प्रश्न तोंडी विचारून उपयोग नाही, लेखी द्या, आवक शिक्का घ्या. एका टेंडरमध्ये स्विचगिअर एकाच कंपनीचं मागितलं होतं. मी पत्र दिलं, शुद्धिपत्रकात "किंवा समतुल्य आयएसआय" आलं. ओळख शून्य होती माझी तिथे.

वसुली_बाकी
फिटिंगवाले, काम मिळतं हो. पैशांचं बोला.

तुमच्या पोस्टमध्ये "बिल" हा शब्द एकदाही नाही, यावरून समजलो. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करणार, उपअभियंता तपासणार, कार्यकारी अभियंता सही करणार, मग लेखा विभाग एक शंका काढून फाइल परत पाठवणार. दर टेबलावर माणूस "साहेब साइटवर आहेत" असं सांगणार. फेब्रुवारीत फाइल वर पोहोचली की कळतं त्या हेडखालची तरतूद संपली, आता नव्या बजेटमध्ये.

आणि बिल निघालं तरी पूर्ण हातात येतं का? जीएसटीचा टीडीएस २ टक्के, आयकराचा १ किंवा २, बांधकाम असेल तर कामगार कल्याण उपकर १ टक्का, वर सुरक्षा ठेव दोषदायित्व कालावधी (कामातला दोष आपण दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत अडकलेली. इकडे मी बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचाच, पालिकेनं दिले असोत नसोत. एका महापालिकेत (नाव घेत नाही, अजून येणं बाकी आहे) फाइल ज्या टेबलावर होती त्या बाईंची बदली झाली आणि फाइलच सापडेना. शेवटी माझ्याकडच्या झेरॉक्सवरून नवी फाइल तयार केली, ती मीच पंच करून नेऊन दिली.

२०२५ मध्ये राज्यभर कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, ते काय हौस म्हणून? सगळ्यांचे कागद चोख होते बरं.

फिटिंगवाला
उशीर होतो, मान्य. पण उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा आहे. ४५ दिवसांत पैसे नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, दरमहा. त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. किती जण मागतात?

सीए_मंजिरी
दादा, थोडं सांभाळून. तो कायदा पुरवठादार आणि सेवा देणाऱ्यांसाठी. कामाच्या कंत्राटाला, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्टला, तो लागू होतो की नाही यावर न्यायालयांत बरंच भांडण झालंय, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा कौल विरोधात गेलेला आहे. त्यामुळे तुम्ही म्हणता ते पुरवठ्यात चालेल, वसुली_बाकींच्या बांधकामात चालेलच असं नाही.

दुसरं, हल्ली सगळे आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) कलमाचं नाव घेतात. छोट्या उद्योगाचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, या धाकानं खाजगी कंपन्या खरंच लवकर पैसे सोडायला लागल्या आहेत. पण महापालिकेचं उत्पन्न करमुक्त. तिला खर्च वजा मिळाला काय, न मिळाला काय.

भोसरीकर
मंडळी कागद आणि व्याज घेऊन बसलीत. अटी कोण लिहितं ते बघा ना. डांबरीकरणाचं टेंडर असेल तर हॉटमिक्स प्लांट (गरम डांबर-खडीचा माल बनवणारा कारखाना) अमुक किलोमीटरच्या आत हवा. मोजून बघा, त्या वर्तुळात दोनच प्लांट निघतात. टेंडर निघायच्या आधी ते कुणाला जाणार हे चहावाल्यालाही माहीत असतं.

आणि हे नुसते चहाच्या टपरीवरचे वाद नाहीत. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत साखळी होती, म्हणजे आपसांत ठरवून दर भरले होते, असं भारतीय स्पर्धा आयोगानं २०१८ मध्ये निकालात लिहून दंड ठोठावले. "प्रतिस्पर्धी" म्हणवणाऱ्यांनी निविदा भरल्या त्या एकाच आयपी पत्त्यावरून! म्हणजे एका खुर्चीत बसून तीन दर. मुंबईत २०१४ मध्ये तर ई-टेंडरचाच घोटाळा निघाला. ठरलेल्या माणसांनाच भरता येईल अशा वेळेला निविदा उघडल्याचा ठपका कितीतरी अभियंत्यांवर आला. ऑनलाइन केलं म्हणजे गंगेत न्हालं, असं काही नसतं.

माजी_कनिष्ठ
मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस. शिव्या खायची सवय आहे, म्हणून लिहितो.

टर्नओव्हर आणि अनुभवाच्या अटी सगळ्या कुणाच्या तरी भल्यासाठी घातलेल्या नसतात. तुमच्यातलेच लोक पूर्वगणनपत्रकापेक्षा (आमच्या खर्चाच्या अंदाजापेक्षा) ३०-३५ टक्के बिलो भरतात. काम मिळालं की मग माझ्याकडे येऊन म्हणायचं, "साहेब, परवडत नाही, एखादी जादा बाब मोजा की." दहा टक्क्यांहून खाली गेलात तर जादा अनामत भरा, हा नियम का आला? अशांमुळेच. केबल कमी जाडीची टाकली म्हणून मी एकाला चर उकरायला लावला, तर तो संध्याकाळी स्थानिक पुढाऱ्याला घेऊन आला. छोटा होता तोही.

हॉटमिक्सच्या अटीमागेही कारण आहे. माल थंड झाला की दबाई नीट होत नाही, लांबून आणला तर रस्ता पहिल्या पावसात उखडतो. आता किलोमीटरचा आकडा कुणी ठरवला हा प्रश्न रास्त आहे, तो मी टाळत नाही. पण अटच नको म्हणणाऱ्यानं मग खड्ड्यांबद्दल बोलू नये.

खरी बोंब मारायची तर महापालिका अधिनियमातल्या ६७(३)(क) कलमाबद्दल मारा. आणीबाणीच्या नावाखाली टेंडर न काढता थेट काम. पूर आला, साथ आली, तर ते कलम हवंच. पण पावसाळा दर जूनला येतो, त्यात आणीबाणी कसली?

भोसरीकर
@माजी_कनिष्ठ, मोठे म्हणजे भरवशाचे असं तुमचं गणित असेल तर मुंबई बघा. साधारण ४०० किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला २०२३ मध्ये ६ हजार कोटींच्या आसपासची कामं फक्त पाच पॅकेजमध्ये दिली. अटी अशा की छोट्यांनी दारातही उभं राहू नये. त्यातलं दक्षिण मुंबईचं कंत्राट काम सुरू होत नाही म्हणून त्याच वर्षी रद्द करावं लागलं. टर्नओव्हर चाटायचा?

माजी_कनिष्ठ
ते पॅकेज मी केलं नव्हतं.

गटाच्या_ताई
तुम्ही सगळे टेंडर म्हणजे दराची मारामारी असंच धरून चालला आहात. पुण्यात कचरावेचक महिलांची "स्वच्छ" संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. सर्वात कमी दर टाकून ते काम मिळालेलं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून संघटना बांधली होती, आणि या कामाची माहिती त्या बायकांइतकी कुणालाच नव्हती, म्हणून मिळालं. नूतनीकरणाच्या वेळी दर खेपेला भांडावं लागतं ते वेगळं.

उलटं उदाहरण मुंबईचं. वस्त्यांची सफाई आधी दत्तक वस्ती योजनेत आणि मग स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियानात स्थानिक संस्था करत होत्या. २०२४ मध्ये त्याच सफाईचं चार वर्षांसाठी सुमारे १,४०० कोटींचं एकच टेंडर काढलं. बेरोजगारांच्या सहकारी संस्था कोर्टात गेल्या, जाणारच. आमच्या गटानं सार्वजनिक शौचालयाच्या देखभालीचं काम घेतलं होतं ते एका प्रभागापुरतं होतं म्हणून. तेच काम अख्ख्या शहराचं एकत्र केलं तर अनामतीलाच आमच्या बायकांचे दागिने पुरणार नाहीत. छोट्याला काम मिळणार की नाही हे पहिला लिफाफा भरायच्या कितीतरी आधी ठरतं, कामाचे तुकडे किती करायचे तिथे. ते कोण ठरवतं त्याच्याशी भांडा.

फिटिंगवाला
ताई, हा मुद्दा मी धरलाच नव्हता, आणि तो भोसरीकरांच्या मुद्द्यापेक्षा मला जड वाटतो. साखळी पकडता येते. पुण्याचं प्रकरण आयोगाकडे नेलं ते नागरिक चेतना मंचासारख्या संस्थेनं, तक्रार झाली म्हणून आयपी पत्ते तपासले गेले. पण तीस शाळांचं काम एका टेंडरमध्ये बांधलं तर त्यात बेकायदा काहीच नसतं, आणि आम्ही बाहेर. बजेटच्या वेळी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन हे सांगायला हवं. टेंडर निघाल्यावर प्री-बिडला सांगून ते बदलत नाहीत, तो अनुभव मलाही आहे.

सीए_मंजिरी
वसुली_बाकींसाठी: पैसे सहा महिन्यांनी येतील असं धरा, तेवढं बँकेचं व्याज आणि कापली जाणारी अनामत दरातच घाला. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के लोक ते घालत नाहीत आणि मग पालिकेनं बुडवलं म्हणतात.

वसुली_बाकी
घातलं की एल-टू होतो, ताई. सर्वात कमी दरवाला एल-वन, काम त्याला.

फिटिंगवाला
होऊ दे की. आमच्याकडे एका पंपाच्या देखभालीत एल-वन इतका खाली गेला की करारनाम्यालाच आला नाही. त्याची अनामत जप्त झाली, फेरनिविदा निघाली. त्यात मी व्याज धरूनच दर भरला आणि काम घेतलं. पहिलं बिल अजून लेखा विभागात आहे, पण मी ते जुलैपर्यंत येणार नाही असंच धरलंय.