रॉ व्हिडिओचं ट्रान्सकोडिंग कमी खर्चात वेगवान कसं करावं?

प्रश्न: १०८०पी, २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (रंगाचा तपशील साठवण्याची पद्धत) अनकंप्रेस्ड फाइल्स एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एच.२६४ या कंप्रेस्ड फॉरमॅटमध्ये बदलतोय. सोर्स आणि आउटपुट एकाच हार्ड डिस्कवर. सीपीयू ४० टक्क्यांच्या वर जातच नाही. नवा प्रोसेसर घ्यावा का?

उत्तर १: मुळीच नको. व्ही२१० (१०-बिट ४:२:२ चा अनकंप्रेस्ड फॉरमॅट) असेल तर सेकंदाला साधारण १३८ एमबी लागतात, म्हणजे डिस्क रिअल-टाइमलाच धापा टाकणार. त्यात त्याच डिस्कवर लिहिताय, डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड सतत इकडून तिकडे. सोर्स एसएसडीवर ठेवा, आउटपुट जुन्या डिस्कवर जाऊ द्या. मोठी एसएसडी नको, एका वेळच्या फाइल्स मावल्या की पुरे.

उत्तर २: त्यानंतरही सीपीयू रिकामा राहिला तर दोन फाइल्स एकदम चालवा, फिल्टर (आकार, रंग वगैरे बदलणारी पायरी) लावला असेल तर तो बहुधा एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर, अडलेला असतो. सीपीयू भरला तरच एन्कोडरचा वेग ठरवणारा प्रीसेट ‘स्लो’वरून ‘फास्ट’वर आणा.

प्रश्नकर्ता: ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर?

उत्तर १: वेगवान, पण बऱ्याच कार्डांना ४:२:२ जमत नाही. आधी ४:२:० (रंगाचा तपशील आणखी कमी) करावं लागेल. प्रीव्ह्यूला चालेल, मास्टरला (जपून ठेवायच्या मूळ प्रतीला) नाही.

उत्तर २: मास्टर एफएफव्ही१ या फॉरमॅटमध्ये ठेवा, लॉसलेस आहे, म्हणजे दर्जा अजिबात घटत नाही. एफएफएमपेगला लेव्हल ३ (फॉरमॅटची आवृत्ती) आणि स्लाइसेस १६ (फ्रेमचे तुकडे) द्यायला विसरू नका, नाहीतर बाकीचे कोअर नुसते बसून राहतील.