चराईच्या बोकडांना खुराक किती द्यावा?

प्रश्न (सिन्नर तालुका)

नमस्कार. माझ्याकडे संगमनेरी जातीच्या 22 शेळ्या असून दहा-अकरा महिन्यांचे बोकड मी मटणासाठी विकतो. आजवर सगळे माळावरच चरत आले. परंतु वजन लवकर भरावे म्हणून गेल्या वर्षी निम्मे बोकड गोठ्यात बांधून त्यांना मक्याचा भरडा भरपूर दिला. वजन वाढले, पण नेहमीच्या खाटीकमामांनी बोकड सोलल्यावर मला जवळ बोलावून दाखवले, तेव्हा गुर्द्यांभोवती आणि आतड्यांवर ओंजळभर चरबी निघाली. ‘गिऱ्हाईक याचे पैसे देत नाही,’ एवढेच ते म्हणाले. शिवाय खच्ची केलेला एक बोकड लघवी तुंबून दगावला, याची खंत अजून जात नाही. खुराक पूर्ण बंद करावा का?

उत्तर (निफाड)

दादा, ती चरबी शेळीच्या अंगस्वभावाचीच आहे. शेळी चरबी मांसाच्या धाग्यांत फारशी साठवत नाही, आधी पोटात साठवते. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त दिलेला मका बहुतांशी खाटकाच्या टोपलीत जातो. हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या जनावराच्या चरबीत ओमेगा-3 चे प्रमाण धान्यावरच्यापेक्षा जास्त असते, हाही चराईचा लाभच आहे. लघवी तुंबली ती बहुधा मुतखड्याने, कारण धान्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असते, आणि लहान वयात खच्ची केलेल्या बोकडाची मूत्रनलिका अरुंद राहते. खुराक बंद करू नका, मात्र मूठ-दोन मुठींवर आणा, भरडा एकदम न वाढवता हळूहळू वाढवा आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवा. बाभळीच्या शेंगा, शेवरी आणि सुबाभूळ यांतून प्रथिने मिळतात. सुबाभळीत मिमोसिन हा विषारी घटक असल्याने तिचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच असावे. आमच्याकडे छाटणीनंतर द्राक्षाचा पाला फुकट मिळतो, परंतु त्यावर मोरचूद (तांब्याचे बुरशीनाशक) आणि कीटकनाशके फवारलेली असतात, म्हणून मी तो जनावरांपुढे कधीही टाकत नाही.

उत्तर (इगतपुरी)

वरील सल्ला योग्यच आहे. चराईची दुसरी बाजू मात्र सांगायला हवी. पावसाळ्यात जंतांच्या अळ्या दवासोबत गवताच्या पात्यावर चढतात, म्हणून आम्ही दव उतरल्यावरच शेळ्या सोडतो आणि चरून आखूड झालेल्या तुकड्यावर लगेच पुन्हा नेत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येकीची खालची पापणी उलटून पाहावी: आतली त्वचा लालसर असेल तर ठीक, पांढुरकी पडली असेल तर जंत रक्त पीत आहेत असे समजून पशुवैद्यकांकडून औषध घ्यावे. सरसकट सर्वांना वारंवार औषध पाजल्यास जंत त्याला दाद देईनासे होतात. पावसाळ्यापूर्वीची आंत्रविषाराची (आतड्यांत विष तयार होऊन होणाऱ्या रोगाची) लस मात्र चुकवू नये.

उत्तर (येवला)

एक गोष्ट विक्रीच्या दिवसाची. बोकड दाटीवाटीने टेम्पोत कोंबून उपाशी, घाबरलेले पोहोचले तर स्नायूंतील साखर आधीच संपते, आणि मांस काळपट व कोरडे पडून लवकर खराब होते. दादा, आदल्या संध्याकाळी त्यांना पाणी पाजून सावलीत विसावू द्या, आणि कळपातले ओळखीचे बोकड एकत्रच पाठवा.