विषय: रविवारच्या मेळाव्यासाठी मंडळाचा बंब पुण्यात चालेल का?

प्रेषक: कोथरूडचे यजमान

सर्वांस सप्रेम नमस्कार.

हॉलच्या व्यवस्थापकांनी आत गॅस पेटवण्यास मनाई केली आहे, म्हणून आमच्या सामानाबरोबर कंटेनरमधून अमेरिकेहून आलेला मंडळाचा चहाचा मोठा बंब काल माळ्यावरून खाली काढला. त्याच्या तळाच्या पट्टीवर १२० व्होल्ट आणि १२.५ अँपिअर एवढेच वाचता येते, वॅटचा आकडा पुसला गेला आहे. आपल्याकडे महावितरणचा पुरवठा २३० व्होल्टचा असतो. पिन बदलून तो १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला, तर पाणी फक्त लवकर उकळेल की काही बिघडेल? चार वाजता शंभर कप चहा हवा आहे, तेव्हा जाणकारांनी आजच कळवावे.

प्रेषक: औंधहून, निवृत्त वीज अभियंता

कृपया पिन बदलू नका. पुसलेला आकडा पट्टीवरच्या दोन आकड्यांतून काढता येतो: १२० ला १२.५ ने गुणले की शक्ती १,५०० वॅट येते आणि १२० ला १२.५ ने भागले की कॉइलचा, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तारेचा, रोध (विजेला होणारा अडथळा) ९.६ ओहम येतो. यांतला महत्त्वाचा आकडा दुसरा आहे, कारण रोध तारेची लांबी, जाडी आणि धातू यांवर ठरतो आणि बंब पुण्यात आला म्हणून तो बदलत नाही. आता २३० ला ९.६ ने भागा. विद्युतधारा जवळजवळ २४ अँपिअर होते आणि शक्ती साधारण ५,५०० वॅट. दाब, म्हणजे व्होल्टचा आकडा, दुपटीहून थोडा कमी झाला, परंतु त्याबरोबर धाराही तितक्याच पटीने वाढली, म्हणून शक्ती साडेतीन पटींहून अधिक झाली. पाणी लवकर तापेल हे खरे, पण त्याआधी कॉइल जळण्याची शक्यता फार मोठी आहे.

प्रेषक: बाणेर, माजी खजिनदार

प्रथम एक नोंद करतो, की हा बंब मंडळाच्या मालमत्तेच्या यादीत आहे आणि त्याच्या जोडीचा लहान बंब माझ्याकडे सुरक्षित आहे. त्यामुळे त्यांच्याविषयीचा निर्णय मला विचारून व्हावा, ही विनंती. माझ्या मते २३० व्होल्टचे १२० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च करण्याची गरज नाही. दोन्ही बंब १२० व्होल्टचे असल्यामुळे ते एकामागे एक, म्हणजे एकसर जोडले की प्रत्येकाच्या वाट्याला ११५ व्होल्ट येतील. आमच्या लहानपणी दिवाळीच्या माळेतले दिवे असेच जोडलेले असत. शिवाय काही चुकलेच, तर हॉलमधला १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे धारा जास्त झाली की वीज तोडणारा स्विच, पडेल आणि बंब वाचेल.

प्रेषक: औंधहून, निवृत्त वीज अभियंता

खजिनदारसाहेब, आपण दोन्ही बंब इतकी वर्षे जपलेत, म्हणूनच हे सविस्तर लिहितो. माळेतले सगळे दिवे सारखे असत, आपले बंब सारखे नाहीत. लहान बंबाच्या पट्टीवर काय लिहिले आहे, ते कृपया पाहून कळवा.

एमसीबीच्या भरवशावर राहू नये. २४ अँपिअर म्हणजे १६ च्या दीडपट. शॉर्टसर्किट झाले तर एमसीबी तत्क्षणी पडतो, पण एवढ्या अतिभाराला तो आतली पट्टी तापल्यावरच पडतो आणि त्यास काही मिनिटे लागू शकतात. तो भिंतीतल्या वायरिंगच्या रक्षणासाठी असतो, आपल्या कॉइलच्या नव्हे.

प्रेषक: बाणेर, माजी खजिनदार

लहान बंबाच्या पट्टीवर १२० व्होल्ट, ६.२५ अँपिअर असे आहे.

प्रेषक: औंधहून, निवृत्त वीज अभियंता

म्हणजे त्याची शक्ती ७५० वॅट आणि रोध १९.२ ओहम, मोठ्याच्या दुप्पट. एकसर जोडल्यावर एकूण रोध २८.८ ओहम होईल आणि दोघांतून एकच, सुमारे ८ अँपिअर धारा वाहील. मोठ्या बंबावर जेमतेम ७७ व्होल्ट पडतील आणि तो सुमारे ६१२ वॅटवर रेंगाळेल, तर लहानावर १५३ व्होल्ट पडून ७५० वॅटच्या कॉइलला १,२२५ वॅट सोसावे लागतील. जो नाजूक, त्याच्यावरच जास्त भार. त्यातून पाणी तापल्यावर एकाच्या थर्मोस्टॅटने प्रवाह तोडला की दुसराही बंद पडेल.

प्रेषक: सिंहगड रस्ता, वहिनी

बंबाचा विषय निघाला म्हणून सांगते. मागे एका कार्यक्रमात या बंबात दूध घातले गेले होते आणि ते तळाला लागून कॉइलवरच्या पत्र्यावर बसलेला थर खरवडताना आम्हा तिघींची संध्याकाळ गेली. या वेळी त्यात फक्त पाणी तापवावे आणि दूध घरून थर्मासमधून आणावे. आमच्याकडे परदेशातून आणलेला १,००० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर आहे, तो आनंदाने देऊ.

प्रेषक: कोथरूडचे यजमान

वहिनी, मनापासून आभार. आपला ट्रान्सफॉर्मर घेऊन येतो.

प्रेषक: औंधहून, निवृत्त वीज अभियंता

वहिनींचा ट्रान्सफॉर्मर मोठ्या बंबाला पुरणार नाही. १,००० ला १२० ने भागले तर तो सुमारे ८.३ अँपिअरच देऊ शकतो आणि बंबाला १२.५ लागतात. लहान बंब मात्र त्यावर निर्धास्त चालेल. मोठ्यासाठी निदान २,००० व्हीएचा हवा, तो तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत विचारून पाहावा. त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला साडेसहा अँपिअरहून थोडी अधिक धारा लागेल, म्हणून तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला न लावता १६ च्याच सॉकेटला लावावा. पुरवठा अमेरिकेतल्या ६० ऐवजी ५० हर्ट्झचा असल्याने तापणाऱ्या कॉइलला काही फरक पडत नाही.

वेळेचा हिशेबही करून ठेवला आहे. १० लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत नेण्यास १,५०० वॅटवर सुमारे ३३ मिनिटे लागतात. काही उष्णता वाया जाईल, म्हणून सव्वातीनला बटण दाबावे. एकट्या लहान बंबावर भागवायचे ठरले, तर अडीचच्याही आधी सुरुवात करावी लागेल.

प्रेषक: बाणेर, माजी खजिनदार

हिशेब स्वतः कागदावर करून पाहिला आणि तो बरोबर आहे. एकसर जोडणीची सूचना मी मागे घेतो. लहान बंब रविवारी दुपारी दोन वाजता मी स्वतः घेऊन येईन. मोठ्यासाठीचा ट्रान्सफॉर्मर भाड्याने मिळतो का, ते उद्या सकाळी तपकीर गल्लीत जाऊन पाहतो. हॉलमध्ये १६ अँपिअरची सॉकेट किती आहेत आणि ती कोणत्या भिंतीला आहेत, एवढे यजमानांनी आज कळवावे.