ट्रिल: ठिपके की उंचवटे, आणि मन नेमकं कुणाचं?

कोपऱ्यातला_जीएम:
'स्टार ट्रेक ॲडव्हेंचर्स' या टेबलावर खेळायच्या भूमिका-खेळाचं नवं कॅम्पेन (अनेक सेशनची सलग कथा) सुरू करतोय; जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मी. एका प्लेअरला ट्रिल या परग्रही जमातीतला कॅरेक्टर हवाय, तोही जोडलेला, म्हणजे पोटात सिंबायंट (एकामागून एक यजमानांच्या शरीरात राहणारा जीव) असलेला. इथंच गाडी अडली. 'द नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या १९९१च्या 'द होस्ट' भागातला ट्रिल ओडान आठवा: कपाळावर उंचवटे, ट्रान्सपोर्टरला (क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राला) ठाम नकार, आणि यजमान शरीर म्हणजे निव्वळ अंगरखा. सिंबायंट जहाजावरच्या रायकर या माणसाच्या पोटात गेला तर रायकर गायब, बोलतो तो ओडान. १९९३पासून 'डीप स्पेस नाईन' मालिकेत जॅडझिया डॅक्स (जॅडझिया यजमान, डॅक्स सिंबायंट): अंगावर ठिपके, ट्रान्सपोर्टरची काही अडचण नाही, आणि दोघांच्या मिसळणीतून झालेली तिसरीच व्यक्ती.

दिसण्यातली विसंगती सोडून द्यावी, तिनं खेळ बदलत नाही. मनाचा प्रश्न मात्र पहिल्या सेशनआधी मिटलाच पाहिजे. मी मिसळण धरतोय, ओडान रद्द.

जुनी_वही:
रद्द कशाला? यजमानाला गिळून टाकणारे सिंबायंटही असतात आणि ट्रिल सरकार ते लपवतं, असं धरा की! त्याच मालिकेच्या १९९४च्या 'इक्विलिब्रियम' भागात कळतंच ना, हजारात एखादाच यजमान व्हायला लायक हा सरकारी दावा खोटा, प्रत्यक्षात जवळपास निम्मी प्रजा लायक. वर डॅक्सच्या एका खुनी यजमानाच्या आठवणीही दडपलेल्या. एवढं पचवणाऱ्यांना आणखी एक गुपित जड नाही. तुम्हाला आयता खलनायक मिळतोय.

तिरका_डोळा:
या डागडुजीचा मला मनापासून कंटाळा आहे. क्लिंगॉन या दुसऱ्या परग्रही जमातीचं बघा. साठच्या दशकात सपाट कपाळ, १९७९च्या चित्रपटात उंचवटे. १९८३मध्ये फासा कंपनीच्या (आपला फासा नव्हे) खेळपुस्तकानं सांगितलं, सपाटवाले म्हणजे माणसांशी केलेला जनुकीय संकर. १९९६मध्ये 'डीप स्पेस नाईन'मधला क्लिंगॉन वॉर्फ म्हणाला, बाहेरच्यांशी आम्ही यावर बोलत नाही. बस! यापेक्षा भारी उत्तर नाही. तरी २००५मध्ये 'एंटरप्राइझ' मालिकेनं दोन भाग खर्चून विषाणूची कथा सांगितलीच. मिळालं काय? एक गूढ कमी झालं.

जुनी_वही:
आणि त्या संकरावर लोकांनी मजेत कॅम्पेनं खेळली, त्याचं काय? टीव्हीवर बाद झालेलं टेबलावर बाद होत नाही.

शून्य_गुरुत्व:
अहो, नियमपुस्तकानं निकाल दिलाय. जोडलेल्या ट्रिलच्या 'जॉइन्ड' या टॅलेंटनं (खास क्षमतेनं) मिशनमध्ये एकदा आधीच्या यजमानाचं कसब त्या प्रसंगापुरतं मिळतं. म्हणजे कॅरेक्टर आठवणी वापरतं, आठवणी कॅरेक्टरला नाही. शिवाय १९९३च्या 'डॅक्स' भागात डॅक्सचा आधीचा यजमान कर्झन याच्या कथित गुन्ह्यासाठी जॅडझियाची सुनावणी होते. ओडानचं गणित खरं असतं तर ती पाच मिनिटांत संपली असती: मन तेच, गुन्हेगार तोच.

कोपऱ्यातला_जीएम:
हेच तर म्हणतोय. गोची अशी की प्लेअरला विचारलं, त्याला ओडानच हवाय. मी नाही म्हणालो. यजमान मेला की नवं शरीर, मन तेच, मग मरणाची किंमत काय? १९९८मध्ये जॅडझिया गेली आणि डॅक्सची पुढची यजमान एझ्री आली, ती वेगळी बाई होती. आठवणी आल्या, जॅडझिया नाही आली. टेबलावर मला ते नुकसान हवंय.

शून्य_गुरुत्व:
शंभर टक्के.

तिरका_डोळा:
मला पटत नाही. जॅडझियाचं नुकसान प्रेक्षकाला झालं, तुमच्या प्लेअरला नव्या शीटवर जुन्या आठवणी फुकट मिळतील.

जुनी_वही:
आणि ओडानचं मरण फुकट नव्हतंच. रायकरचं शरीर सिंबायंटला नाकारत होतं, नवा यजमान घेऊन येणारं जहाज रखडलेलं, वाटाघाटी अर्ध्यावर. द्या प्लेअरला ओडान. पहिला यजमान पडला की सिंबायंटला जहाजावरच्या दुसऱ्या प्लेअरच्या कॅरेक्टरमध्ये घाला आणि तो दुसरा प्लेअर तेवढा वेळ काय खेळणार ते आत्ताच ठरवा.