तेलविहिरी आसपासच्या गावांत, राजधानी मात्र टल्सा: असे का घडले?

चंद्रभागा:
नमस्कार. माझी कन्या अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, टल्सा विद्यापीठात पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकत असल्यामुळे मी त्या शहराचा इतिहास वाचू लागले. १९०० च्या जनगणनेत अवघ्या १,३९० वस्तीचे हे गाव १९२० मध्ये ७२ हजारांवर पोहोचले आणि स्वतःला ‘जगाची तेल-राजधानी’ म्हणवू लागले. परंतु नकाशा पाहिला तर ग्लेन पूलचे (येथे ‘पूल’ म्हणजे तेलाचा साठा) तेलक्षेत्र शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर आहे आणि कुशिंगचे तर त्याहूनही दूर, पश्चिमेला. तेल जिथे निघाले ती गावे लहानच राहिली आणि पैसा टल्सात आला, याचे कारण काय असावे? तेलाचे भाव कोसळल्यानंतरही हे शहर कशामुळे टिकले, हेही जाणून घ्यायला आवडेल.

भूस्तर:
माझ्या मते याचे श्रेय आधी नदीवरील पुलाला आणि मग बँकेला द्यावे लागेल. १९०१ मध्ये रेड फोर्क येथे तेल लागले ते आर्कान्सा नदीच्या पैलतीरावर. टल्साला रेल्वे १८८२ पासूनच होती, पण नदीवर गाड्या-घोड्यांसाठी पूल नव्हता, म्हणून गावातील काही नागरिकांनी खासगी भांडवल घालून १९०४ मध्ये पथकराचा पूल उभारला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९०५ मध्ये, ग्लेन पूलला तेल लागले, आणि विहिरीवर काम करून मुक्कामाला परतता येईल असे सोयीचे गाव म्हणून सगळ्यांची पावले टल्साकडे वळली. तेथील तेल हलके व उत्तम प्रतीचे असल्यामुळे शुद्धीकरणाला सोपे होते आणि त्याला मागणीही चांगली होती.

खरा फरक मात्र १९१० मध्ये पडला. जमिनीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलाच्या भरवशावर कर्ज द्यायला पूर्वेकडील बँका कचरत असताना, हॅरी सिंक्लेअर आदी तेलव्यावसायिकांनी टल्सातील एका बुडालेल्या बँकेच्या जागी एक्स्चेंज नॅशनल बँक स्थापन केली. तेलाचा धंदा जाणणारी माणसेच कर्ज मंजूर करू लागल्यावर भाडेपट्टे, नळवाहिन्या, यंत्रसामग्री आणि वकील यांचे सगळे व्यवहार त्याच चार रस्त्यांवर होऊ लागले. कुशिंगला आजही तेलाच्या प्रचंड टाक्या आहेत आणि अमेरिकी कच्च्या तेलाच्या वायदेबाजारातील सुपूर्ती तेथेच होते, तरीही ते काही हजार वस्तीचे गावच राहिले आहे.

रानवाटा:
वरील विवेचन मला मान्य आहे, पण ते अपुरे वाटते, कारण ही जमीन कोणाची होती हा प्रश्न त्यात येतच नाही. टल्सा हे क्रीक राष्ट्राच्या, म्हणजे क्रीक या अमेरिकेतील मूळ रहिवासी जमातीच्या, भूमीवर वसलेले आहे. सरकारने सामूहिक मालकी मोडून प्रत्येक सदस्याच्या नावे १६० एकर जमीन केली. ग्लेन पूलची पहिली विहीरही आयडा ग्लेन या क्रीक स्त्रीच्या वाट्याच्या जमिनीवर खोदली गेली. क्रीकांनी पूर्वी गुलाम म्हणून ठेवलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांनाही हे वाटे मिळाले होते. त्यांपैकी सारा रेक्टर या मुलीच्या जमिनीत १९१३ मध्ये तेल लागले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिच्या मालमत्तेचा कारभार एका गोऱ्या पालकाच्या हाती होता.

त्याच शहरात ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची पेठ होती. तेलाच्या नोकऱ्यांची दारे त्यांना बहुतांशी बंदच होती, परंतु तेलामुळे श्रीमंत झालेल्या घरांत काम करून मिळालेली मजुरी ग्रीनवूडच्या दुकानांत खर्च होई. ३१ मे व १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने त्या पेठेचे सुमारे ३५ चौक जाळले आणि अनेकांचे प्राण घेतले. टल्साच्या वैभवाची गोष्ट सांगताना हा भाग गाळणे मला अन्यायाचे वाटते.

चंद्रभागा:
मनःपूर्वक आभार. लहान मुलांच्या जमिनीवर परके पालक नेमण्याची ही पद्धत कायदेशीर होती का?

रानवाटा:
होय, आणि तेच सर्वांत क्लेशकारक आहे. १९०८ च्या केंद्रीय कायद्याने अल्पवयीन वाटेदारांच्या मालमत्तेवरील देखरेख ओक्लाहोमाच्या स्थानिक न्यायालयांकडे सोपवली. ती न्यायालये पालक नेमत, आणि पालकांपैकी अनेकांनी शुल्क व खर्च या नावांखाली मुलांची संपत्ती गिळंकृत केली.

भूस्तर:
रानवाटा यांनी मांडलेला मुद्दा माझ्या उत्तरात यायलाच हवा होता. आता दुसऱ्या प्रश्नाविषयी. १९८६ मध्ये तेलाचे भाव निम्म्याहून खाली गेले. टल्साची श्रीमंती कार्यालयांची असल्यामुळे कंपन्या ह्यूस्टनला निघून गेल्या की शहराचे नुकसान होणे अटळ होते, आणि ते झालेही. तरी सगळेच गेले नाही. विल्यम्स या कंपनीने त्याच दशकात वापरातून बाद झालेल्या आपल्या नळवाहिन्यांमधून दूरसंचाराच्या प्रकाशतंतूंच्या तारा नेल्या. ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. अमेरिकन एअरलाइन्सचे विमान-देखभाल केंद्र तर तेथे १९४६ पासून आहे. २०१८ पासून, दुसऱ्या राज्यांतून येऊन टल्सात राहणाऱ्या व घरूनच काम करणाऱ्यांना १० हजार डॉलर देण्याची योजना सुरू झाली, आणि तिला निधी देणाऱ्या जॉर्ज कायझर कुटुंबाच्या प्रतिष्ठानामागील पैसाही मुळात तेल आणि बँकिंग यांतूनच आलेला आहे.